या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही

टपालकाका शाळेत गेले ते पायऱ्यांना कठडा नाही म्हणून तक्रार करायला, आणि परत आले ते शाळा मंडळाचे सदस्य होऊन. यात त्यांचा दोष एवढाच की ते मुद्देसूद बोलले. त्यांची नात ठकी, इयत्ता तिसरी, शाळेच्या सहा पायऱ्यांवरून घसरली होती आणि तिचा गुडघा खरचटला होता. काकांनी मुद्दा क्रमांक एक मांडला, मुद्दा क्रमांक दोन मांडला, आणि तिसऱ्याला हात घालणार एवढ्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांच्यापुढे एक जाडजूड रजिस्टर सरकवलं. मंडळात एक जागा केव्हाची रिकामी होती. इतकं स्वच्छ बोलणारा माणूस बाईंना दोन वर्षांत भेटला नव्हता. काकांनी सही केली आणि मग विचारलं, "पण कठड्याचं काय?"

"तो आता तुम्हीच मंजूर करायचा," बाई म्हणाल्या.

घरी येऊन काकांनी ही बातमी काकूंना अशा सुरात सांगितली, जणू राज्यकारभार अंगावर पडला होता. काकूंनी विचारलं की मग कठडा कधी लागणार. काका हातपाय धुवायला गेले.

टपालकाकांची नोकरी टपाल खात्यात झाली, चौतीस वर्षं, त्यातली शेवटची अकरा वर्गीकरण पर्यवेक्षक म्हणून. ही जागा कशी असते ते बाहेरच्यांना कळत नाही. लोकांना वाटतं, पत्र पेटीत टाकलं की पोचतं. मधे भिंतभर खणांचं कपाट असतं, आणि त्या कपाटापुढे असा एक माणूस असतो ज्याला कुठलं पत्र पुढे जायचं आणि कुठलं आल्या पावली परत जायचं हे समजतं. पत्ता अपुरा. मालक सोडून गेले. घेण्यास नकार. या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही. हे चार शेरे कसे लिहायचे, कुठल्या कोपऱ्यात लिहायचे, तारीख कुठे टाकायची, हे काकांनी पोस्टमनांच्या एका पिढीला शिकवलं होतं. जगातल्या निम्म्या भानगडी चुकीच्या माणसाने पत्र घेतल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उरलेल्या निम्म्यांबद्दल त्यांनी अजून काही ठरवलं नव्हतं.

त्याच सुमारास राज्याच्या विधिमंडळाने शाळांसाठी एक नवा कायदा केला. आधी खडूपासून छपरापर्यंतचा पैसा शिक्षण कार्यालयातून यायचा, आणि इतक्या टेबलांवरून यायचा की खडू पोचेपर्यंत मुलं पुढच्या इयत्तेत गेलेली असायची. आता अनुदान थेट शाळेच्या मंडळाच्या हाती पडणार होतं आणि मंडळ सांगेल तसं खर्च होणार होतं. ऐकायला फार गोड वाटत होतं. पण कायदा एकशे बारा पानांचा होता, आणि तो सगळ्यात आधी प्रोफेसरांनी वाचला. तिथून पुढे कोणालाच काही कळेनासं झालं.

प्रोफेसर काकांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. जन्मभर त्यांनी दगडांचे थर शिकवले होते आणि कायदाही ते तसाच समजावून सांगायचे. तळाला मूळ कायदा, त्यावर दुरुस्तीचा थर, त्यावर दुरुस्तीच्या दुरुस्तीचा, आणि मधेच कुठेतरी एक परिपत्रक घुसलेलं. मंडळात त्यांच्याशिवाय कोपऱ्यावरचे औषधवाले होते, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शिवणताई होत्या आणि आता काका. मोठ्या बाई चिटणीस, त्यांना मत नव्हतं. मत नसल्यामुळे सभेत समजूतदारपणे बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

नव्या कायद्याने जुने, सरकारने नेमलेले अध्यक्ष एका झटक्यात गेले होते. नवा अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातून निवडायचा होता. त्यासाठी दोन सभा झाल्या. शिवणताई म्हणाल्या, माझे चाळीस गणवेश कापून पडलेत. औषधवाले म्हणाले, दुकान सोडून मला पाच मिनिटं हलता येत नाही, हे ते सभेत दीड तास बसून म्हणाले. प्रोफेसर म्हणाले, सगळ्यांचा आग्रहच असेल तर. त्यावर कोणी आग्रह केला नाही. काकांना विचारलं गेलं आणि ते "छे, छे, मी कसला" म्हणाले, कारण भल्या माणसाने पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर नाइलाजाने मान तुकवायची असते. दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. ही गोष्ट काकांच्या मनाला फार लागली. ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही, फक्त घरी आल्यावर चहात साखर कमी आहे म्हणाले.

त्यानंतर चार दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, इमारतीच्या फाटकापाशी पोस्टमन आला. हा पोस्टमन दहा वर्षं काकांच्या हाताखाली काढलेला होता आणि अजूनही त्यांच्यापुढे सायकलवरून उतरून उभा राहायचा. त्याच्याकडे एक रजिस्टर पत्र होतं, शिक्षण कार्यालयाकडून, 'अध्यक्ष, शाळा मंडळ' यांच्या नावे. शाळा बंद होती. साहेब मंडळात आहेत असं कळलं, म्हणून विचारायला आला होता.

काकांनी चष्मा लावला आणि पाकीट उलटसुलट करून पाहिलं. अंगात वीज खेळल्यासारखं झालं. निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत त्यांच्याकडे निर्णयासाठी पाकीट आलं नव्हतं.

"अध्यक्ष कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा, साहेब."

"कोणी नाही. पद आहे, पण पदावर माणूस नाही. मग अशा वेळी काय करायचं? शिकवलं होतं ना?"

पोस्टमनने आदराने पेन पुढे केलं. दुसरं कोणी असतं तर त्याने पाकीट मुकाट्याने घेतलं असतं, मोठ्या बाईंना नेऊन दिलं असतं आणि विषय संपला असता. पण जे पत्र आपल्या नावाचं नाही ते घेणं म्हणजे काकांच्या लेखी चोरीच. त्यांनी पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात, उजवीकडे झुकणाऱ्या सुबक अक्षरात लिहिलं: 'या पत्त्यावर या पदाची व्यक्ती नाही. परत.' खाली तारीख, आणि तारखेखाली एक वळणदार फराटा. वर्गीकरण कार्यालयात त्या फराट्याला 'साहेबांचा मोर' म्हणायचे. पोस्टमन पाकीट घेऊन गेला. काकांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, कारण दुसऱ्याच्या टपालाबद्दल बोलायचं नसतं. त्या दिवशी चहा मात्र त्यांना गोड लागला.

पाचव्या आठवड्यात शाळेच्या दाराशी एक नोटीस चिकटवलेली दिसली. कायद्याच्या अमुक कलमाप्रमाणे अध्यक्षांना पत्र पाठवलं होतं. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत मंडळाने अध्यक्ष निवडून मान्यता मागायची होती. परंतु पत्र परत आलं. ज्याचं पत्र असं परत येतं ते मंडळ अस्तित्वात नाही असं समजण्यात येतं. सबब, सदर शाळेचं अनुदान थांबवून ती येत्या एक तारखेपासून मोठ्या रस्त्यापलीकडच्या मध्यवर्ती शाळेत विलीन करण्यात येत आहे. नोटिशीखाली पुरावा म्हणून पाकिटाची छायाप्रत होती, आणि छायाप्रतीत शाईचा ठिपकाही न हरवता साहेबांचा मोर पिसारा फुलवून बसला होता.

काका ठकीला सोडायला आले होते. नोटिशीपुढे वीस-पंचवीस पालक जमले होते आणि पाकिटावर हे लिहिणाऱ्या गाढवाचा उद्धार चालला होता. गाढव हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. रस्त्यापलीकडे केशकर्तनालय चालवणाऱ्या गृहस्थांना माणसाच्या अक्षरावरून स्वभाव ओळखता येतो, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. त्यांनी छायाप्रत जवळून पाहिली आणि निकाल दिला, की हा माणूस अत्यंत गर्विष्ठ आहे, घरात याचं कोणी ऐकत नसणार, आणि तो फराटा पाहता याला कसली तरी जुनी पदवी डोक्यात गेलेली आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनाही डोलवावी लागली. मग केशकर्तनवाल्यांनी त्यांना वळून विचारलं, "काका, तुम्ही त्या खात्यातले. कोणाचं अक्षर वाटतं?"

"सांगता येत नाही," काका म्हणाले. "खातं फार मोठं आहे."

पोस्टमनला पालकांनी घेरलं तेव्हा त्याने टपालाची गुप्तता पुढे केली आणि सायकल मारत निघून गेला. काकांना त्या क्षणी आपल्या शिकवणीचा फार अभिमान वाटला आणि लगेच फार लाज वाटली.

त्या दुपारी मंडळाची तातडीची सभा होती, आणि सभेत पहिली गोष्ट म्हणजे हजेरीवर सही. काकांना हे जिन्यातच सुचलं. ते परत वर गेले, उजव्या अंगठ्याला पट्टी गुंडाळली आणि सभेत जाऊन म्हणाले की अंगठा दारात सापडला. झालं. औषधवाल्यांनी सगळं सोडून तो अंगठा मांडीवर घेतला. त्यांनी तो दाबला, वाकवला, काका "आई गं" म्हणाले आणि ते खरंच होतं, कारण औषधवाल्यांचा हात जड होता. अंगठ्याला मलम लागलं, मलमावर दुसरी पट्टी, दुसऱ्या पट्टीवर पातळशी फळी. आता काकांना ठरवूनसुद्धा लिहिता आलं नसतं.

प्रोफेसरांनी 'मंडळ अस्तित्वात असल्याबद्दल' असा अर्ज तयार केला. त्याला अकरा उपमुद्दे होते आणि सातव्यात पृथ्वीचं वय आलं होतं. अर्जावर सगळ्या सदस्यांच्या सह्या हव्या होत्या. काकांनी फळीकडे बोट दाखवलं. मग अंगठा उठवावा असं ठरलं, पण उजवा अंगठा फळीत होता, म्हणून डावा उठवला. काकांना अर्ज घेऊन शिक्षण कार्यालयात जायला सांगण्यात आलं, कारण सरकारी खिडकीची भाषा त्यांनाच येते असं सगळ्यांना वाटत होतं. आयुष्यभर काका खिडकीच्या आतल्या बाजूला होते हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही आलं नाही.

शिक्षण कार्यालयाची खिडकी अशा उंचीवर होती की उभ्या माणसाला वाकावं लागे आणि बसलेल्याला दिसू नये. आत एक बाई होत्या, अत्यंत मऊ बोलणाऱ्या. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. या बाईंशी काय करायचं ते काकांना कळेना. त्यांनी अर्ज वाचला, पृथ्वीच्या वयापाशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मंडळ आमच्याकडे नाहीये."

"नाहीये म्हणजे? मी त्याचा सदस्य आहे. तुमच्यासमोर उभा आहे."

"तुम्ही आहात, काका. मंडळ नाही."

काकांनी विचारलं, मग असण्यासाठी काय करायचं. बाईंनी प्रेमाने सांगितलं. मान्यतेचा अर्ज अध्यक्षांनी करायचा. अध्यक्ष सभेत निवडायचा. ती सभा आता कार्यालयाच्या निरीक्षकासमोर घ्यायची. निरीक्षक पाठवण्यासाठी मंडळाने विनंती करायची. आणि जे मंडळ अस्तित्वात नाही त्याची विनंती घेता येत नाही. काकांनी हे दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांना चक्क वाटलं की बाईंचं बरोबर आहे, आणि आपल्याच डोक्यात काहीतरी घोटाळा आहे.

एवढ्यात बाईंचं लक्ष डाव्या अंगठ्याच्या ठशाकडे गेलं. काका सुशिक्षित दिसत होते. सुशिक्षित माणसाने अंगठा उठवायचा तर सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. काका सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी फळी काढली, पट्ट्या काढल्या, मलम पुसलं आणि बराच वेळ त्या धडधाकट अंगठ्याकडे बघत राहिले. त्यांनी दाखला दिला. त्यावर लिहिलं होतं की अंगठा उत्तम आहे. हा दाखला खिडकीत देणं शक्य नव्हतं, आणि दाखल्याशिवाय अर्ज देणं शक्य नव्हतं. काका बसथांब्यावर तासभर बसले आणि अर्ज, दाखला आणि फळी घेऊन घरी आले.

तोवर शिवणताईंनी, कोणाला न विचारता, घरोघरी फिरून सत्तर पालकांच्या सह्या घेतल्या होत्या. मंडळ नसेल तर नसेल, पण पालक आहेत ना, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. पालकांनी हरकत घेतली तर सुनावणी द्यावी लागते, हे कलम प्रोफेसरांच्या थरांमधे कुठेतरी होतं, पण ते त्यांना दिसलं नव्हतं. ताईंना ते त्यांच्या एका गिऱ्हाईकाने सांगितलं. शुक्रवारी अकरा वाजता शाळेतच सुनावणी लागली.

गुरुवारी संध्याकाळी काका जेवायच्या टेबलाशी बसले होते. काकूंनी त्यांच्यापुढे पालकांना वाटलेली नोटिशीची प्रत ठेवली. शेजारी महिन्याच्या सामानाची एक जुनी यादी ठेवली. साखर, साबण, काड्यापेट्या, सगळं उजवीकडे झुकलेलं. यादीखाली तारीख आणि तारखेखाली मोर. किराणा मालाच्या यादीवरही मोर काढायची काकांना सवय होती.

काकांनी यादी उलटी करून ठेवली. "तुला कधी कळलं?"

"चिकटवली त्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही अंगठ्याला पट्टी बांधलीत. म्हटलं, बघू तरी, कुठवर बांधताय."

काकांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पदावर माणूस नव्हता. नसलेल्या माणसाचं पत्र घेता येत नाही. चौतीस वर्षांत त्यांचा एकही शेरा चुकीचा ठरला नव्हता, आणि खरं पाहिलं तर हाही चुकीचा नव्हता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"असेल बरोबर," त्या म्हणाल्या. "पण एक तारखेपासून ठकी पावणेसातला बस पकडणार, मोठा रस्ता ओलांडून. आठ वर्षांचं पोर आहे. तिला तुमचा नियम तुम्हीच समजावून सांगा. मला तो नीट सांगता यायचा नाही."

काका उठून आतल्या खोलीत गेले. ठकी तिथे दप्तर भरत होती आणि मध्यवर्ती शाळेत आपली बाकावरची मैत्रीण आपल्याच वर्गात असेल का, असं आईला विचारत होती. आई म्हणाली, माहीत नाही. काका दारातूनच परत फिरले. नियम समजावून सांगायला त्यांना सुरुवात सापडली नाही.

शुक्रवारी शाळेच्या मोठ्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सुनावणी अधिकाऱ्यांना सर्दी झाली होती. ते थर्मासमधलं गरम पाणी पीत पालकांचं ऐकत होते. पाऊण तासाने त्यांनी रुमाल घडी केला आणि सांगितलं की लोकांच्या भावना त्यांना समजतात, परंतु कायद्यात भावनांचं कलम नाही. पाकीट परत आलेलं आहे. परत आलेलं पाकीट म्हणजे मंडळ नाही. शेरा कोणी लिहिला हे माहीत नसल्याने 'अज्ञात व्यक्ती' असं नोंदवून चौकशी लावता येईल. ती सहाएक महिन्यांत होईल. तोवर मुलं पलीकडच्या शाळेत जातील.

शिवणताईंनी डोळ्याला पदर लावला. काकांना त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी बाकातून उठायचा प्रयत्न केला, पण गुडघा बाकात अडकला, त्यामुळे त्यांना जे म्हणायचं होतं ते अर्धवट उभं राहूनच म्हणावं लागलं.

"ते अक्षर माझं आहे."

बाकांची करकर झाली. मागच्या भिंतीपाशी उभे असलेले केशकर्तनवाले काहीतरी म्हणणार होते, पण काकूंनी वळून पाहिलं तसे ते गप्प झाले. दारातून पोस्टमन पुढे आला आणि म्हणाला की चूक त्याची, साहेब होते म्हणून त्याने पाकीट परत घेतलं. काका म्हणाले, चूक त्याची नाही, त्याला तसंच शिकवलं होतं.

अधिकाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच असं काही घडलेलं पाहिल्यासारखा चष्मा काढला. "आपण त्या दिवशी टपाल खात्यात कामावर होता?"

"नाही. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो."

"मंडळाचे अध्यक्ष होता?"

"नाही."

"मग पाकिटावर शेरा लिहिण्याचा आपल्याला अधिकार काय होता?"

काकांच्या तोंडाशी चौतीस वर्षं आली. भिंतभर खणांचं कपाट आलं, अकरा वर्षांची खुर्ची आली, हाताखालून गेलेली लाखो पाकिटं आली. ती सगळी त्यांनी गिळली.

"काही नव्हता," ते म्हणाले.

"तसं लिहून द्या."

मोठ्या बाईंनी कागद दिला. काकांनी लिहिलं, की सदर शेरा लिहितेवेळी मी कोणीही नव्हतो, आणि माझ्या शेऱ्याला काहीही किंमत नाही. तारीख टाकली. तारखेखाली त्यांचा हात आपोआप वळणार होता, तो त्यांनी आवरला आणि शाळकरी मुलासारखी साधी सही केली. डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांनी कागदावर फुंकर मारली, जणू शाई वाळवत होते.

अधिकाऱ्यांनी कागद वाचला, शिंकले आणि निकाल दिला. शेरा लिहिणाऱ्याला अधिकार नव्हता, म्हणून शेरा लिहिलाच गेला नाही असं समजावं लागतं. शेरा नाही, म्हणून पत्र परत आलेलं नाही. ते कोणाला मिळालेलंही नाही. म्हणजे पत्र अजून वाटेतच आहे, तीस दिवस सुरूच झालेले नाहीत, आणि मंडळ नाही असं म्हणायला तूर्त काही आधार नाही. शाळा आहे तिथेच राहील. प्रोफेसर आनंदाने उठून म्हणाले की याचा अर्थ मंडळ एकाच वेळी आहेही आणि नाहीही. औषधवाल्यांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

अधिकाऱ्यांनी पिशवीतून तेच पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग ते म्हणाले की खिडकीतून मैदान चांगलं दिसतंय, आपण पाच मिनिटं तिकडे बघणार आहोत, आणि वळल्यावर हे पाकीट अध्यक्षांच्या हातात द्यायला त्यांना आवडेल. मंडळाची तिसरी सभा अशी त्यांच्या पाठीमागे झाली. औषधवाल्यांनी काकांचं नाव घेतलं. या वेळी त्यांनी काकांना दुसऱ्यांदाही विचारलं. काका नाही म्हणाले आणि या वेळी ते खरंच नाही होतं. त्यांनी शिवणताईंचं नाव सुचवलं. ताई म्हणाल्या, अहो पण माझे चाळीस गणवेश. काका म्हणाले, "शाळाच नसेल तर ते घालणार कोण?" अधिकारी वळले आणि त्यांनी पाकीट ताईंच्या हातात दिलं.

ताईंनी कात्रीच्या सवयीने पाकीट सरळ रेषेत फाडलं. आत चार ओळी होत्या. मान्यतेसाठीच्या अर्जाचा नमुना स्वतंत्र टपालाने पाठवण्यात येत आहे, तो मिळताच कळवावे. सगळ्यांनी वळून काकांकडे पाहिलं. काकांनी पोस्टमनकडे पाहिलं. पोस्टमन म्हणाला की आता तो पत्र थेट ताईंच्या मशीनवर नेऊन ठेवील, वाटेत कोणी काही विचारलं तरी थांबणार नाही.

एक तारीख सोमवारी आली. ठकी नेहमीच्या वेळेला उठली, नेहमीसारखी रेंगाळली, आणि काका तिला सोडायला निघाले. रस्त्यात केशकर्तनवाल्यांनी हात केला. काकांनीही केला. त्यांच्या मनात अजून दुखत होतं, पण बाजूला ठकी कालच्या कुठल्याशा खेळाबद्दल न थांबता बोलत होती. त्यातलं निम्मं काकांना कळत नव्हतं आणि त्यांना ते कळायलाही नको होतं.

फाटकापाशी नवीनच रखवालदार बसला होता. नव्या कायद्यात आणखी एक कलम होतं म्हणे. शाळेच्या आवारात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने वहीत नाव आणि पद लिहायचं. काकांनी पेन घेतलं, नाव लिहिलं, आणि पुढच्या रकान्यापाशी थांबले. मागे रांग लागली. ठकीने हात ओढला. मग त्यांनी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला: 'आजोबा'.

रखवालदाराने वही आपल्याकडे फिरवली आणि वाचलं. "इथे पद लिहायचं असतं," तो म्हणाला.

"तेच लिहिलंय," काका म्हणाले.

रखवालदाराने थोडा विचार केला आणि फाटक उघडलं.